आरपीजीमध्ये वेळेचं भान आणायचं कसं?

खाडीवाला:
गोडोवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) छोटा आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम बनवतोय, आपल्याकडच्या एका बंदरात घडणारा. एक गोष्ट मला सगळ्या गेममध्ये खटकते, मुलगी हरवलीय, पळा पळा म्हणतात आणि आपण विचर ३ मध्ये ग्वेंटचे पत्ते कुटत बसलो तरी कुणाचं काही बिघडत नाही. बरं सरळ टायमर लावावा तर प्लेयर वैतागतो, पहिल्या फॉलआउटमध्ये (१९९७) पाणी शुद्ध करायच्या यंत्राची चिप आणायला १५० दिवस होते, तेवढ्यानेही टेन्शन यायचं. मधला मार्ग काय?

अलिबागकर_८:
टायमर कशाला, भरती-ओहोटी घे की. आमचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत, भरतीला होडीने. वेळ काढायची आपली जुनी रीत आहेच, तिथीला पाऊणने गुणायचं, चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. एवढंच गणित कोडमध्ये टाक आणि एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याच्या तोंडून एकदाच सांग, स्क्रीनवर घड्याळबिड्याळ काही नको. ज्याने लक्ष देऊन ऐकलं तो कोरड्या पायाने जाईल, बाकीचे होडीवाल्याला पैसे देतील. एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) न देता प्लेयर खरंच शहाणा होतो, लेव्हल वाढण्यापेक्षा हे भारी.

मालवणी_मोडर:
माका पटला! फक्त लेव्हल स्केलिंग, म्हणजे प्लेयरबरोबर शत्रूपण वाढवणं, करू नको रे बाबा, ऑब्लिव्हियन गेममध्ये आपण मोठे झालो की रस्त्यावरचे लुटारूपण महागडं ग्लास आर्मर घालून यायचे, मग एवढी मेहनत केली कशाला? समुद्र सगळ्यांना सारखाच पायजे. आणि सीझन घाल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, ताजी मासळी महाग, त्या दोन महिन्यांत जाळी विणायची कामं आणि ज्याने मे महिन्यात सुकट भरून ठेवली त्याची चांदी. दुकानातले भाव वर्षभर तेच असले की गाव खोटं वाटतं.

सुपारीबाग:
आयडिया मस्त पण वेळ चुकली की गेम ओव्हर असं करू नका प्लीज, नोकरी करून रात्री तासभर खेळणारे आम्ही. डिस्को एलिझियममध्ये फासे हरलो तरी गोष्ट पुढे जाते, कधीकधी जिंकण्यापेक्षा मजेशीर. उशीर झाला तर मुलगी दुसऱ्या कुणीतरी शोधून आणलेली असू दे आणि गावात चहाच्या टपरीवर त्यावरून टोमणे बसू देत. फॉलआउटमध्येही पाणीवाल्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन मुदत वाढवता यायची ना, तशी पळवाट ठेव.

खाडीवाला:
तिथीचं गणित आज रात्रीच टाकतो. आता सेव्हचं सांगा, कुठेही करू दिलं तर लोक भरती चुकली की लगेच रीलोड मारणार, फक्त घरी झोपल्यावर ठेवू का?