मदत हवी आहे : हतनूरच्या काठाचे फोटो पुरावा म्हणून कसे काढावेत?

राम राम मंडळी. जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, तिथून हतनूर धरणाचा फुगवटा पसरतो. हिवाळ्यात तिथे चक्रवाक बदकं आणि पट्टकादंब हंस उतरतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येणारा. डोक्यावर दोन काळे पट्टे, उन्हात चोच पिवळीधमक. आमच्या बाजूच्या काठावर आता रिसॉर्ट येणार म्हणतात. चुन्याच्या खुणा पडल्यात, बाभळी तुटल्यात.

हरकत घ्यायचीय, पण माझ्याकडचे सगळे फोटो पाखरांच्या क्लोजअपचे. दिसायला झकास, पण जागा कोणती ते कळेल तर शपथ! म्हणून आता एकाच ठिकाणाहून, तोच कोन धरून, पाणी चढताना-उतरताना फोटो घ्यावेत म्हणतो, जीपीएस चालू ठेवून. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तारीख-ठिकाणाची माहिती उडते, म्हणून मूळ फाइल जपतोय.

कोणी असं काम केलंय का? भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं (डिजिटल पुराव्यासोबत द्यायचं) प्रमाणपत्र सुरुवातीलाच लागतं, की प्रकरण कोर्टात गेल्यावर? नोंदी ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकल्या तर अधिकारी मानतात का? ड्रोन सुचवू नका, अख्खा थवा उठतो.