वावधन आणि वावटळ

'वावधन म्हणजे वावटळच' असं काही जण म्हणतात. आमच्या वऱ्हाडात हे दोन शब्द वेगळे वापरतात. वावटळ जागच्या जागी गरगरते: भर उन्हात जमीन तापली की धूळ, पाचोळा घेऊन उभी राहते आणि मिनिटा-दोन मिनिटांत विरते. (ळचा य होतो, म्हणून 'वावटय'ही ऐकाल. तिच्यात भूत असतं म्हणून लहानपणी आम्ही थुंकायचो.)

वावधन, म्हणजे वादळी वारा, मात्र एका अंगानं चालून येतं. वैशाखात चार वाजता आभाळ काळवंडलं की आजी ओरडायची, "वावधन सुटलं वं माय, सरगुंडे उचला!" (सरगुंडे म्हणजे उन्हात घातलेलं वाळवण.) मग कुटार (गुरांचा भुसा) उडतं, टिना (पत्रे) खडखडतात, संत्र्याच्या बागेत फळांचा सडा पडतो. पाऊस येईलच असं नाही.

माणसालाही लावतात: "वावधनावानी आला न् गेला." त्यात राग कमी, वैताग जास्त.

उपणायला लागतो तो साधा वारा. धान्य उपणताना वावधन आलं तर भुशासोबत दाणेही जायचे. 'सोसाट्याचा वारा' आम्ही पुस्तकात वाचला. घरी कुणाच्या तोंडी ऐकला नाही.