‘सूजरोधक’ गोळीने सूज वाढते तेव्हा: दाह, शोथ की सूज?

तळटीप
फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षासाठी विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्राची टिपणं मराठीत आणायचं काम चालू आहे. एका वाक्यापाशी गाडं अडलंय. आशय असा: जुनाट इन्फ्लमेशन (इजेला किंवा जंतूंना शरीराने दिलेली प्रतिक्रिया) असलेल्या सांध्यावर इडिमा (ऊतींत पाणी साठून आलेला फुगवटा) दिसेलच असं नाही, आणि हृदय कमकुवत झाल्यामुळे पायांवर येणाऱ्या इडिमात इन्फ्लमेशन नसतं. आधीच्या मसुद्यात दोन्हींसाठी ‘सूज’ वापरलाय. त्यामुळे वाक्य झालंय, "जुनाट सूज असलेल्या सांध्यावर सूज दिसेलच असं नाही." पुढच्या प्रकरणात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गटाला ‘सूजरोधक वेदनाशामके’ म्हटलंय. दाह, शोथ, प्रदाह असे पर्याय समोर आहेत, किंवा सरळ इन्फ्लमेशनच ठेवायचं. तुम्ही काय वापराल आणि का?

कंडरा
आधी ‘सूजरोधक’ काढा, बाकीचं मग बघू. या शब्दाने विद्यार्थी सरळ उलट्या निष्कर्षाला जातो.

ही औषधं कॉक्स नावाचं विकर (एन्झाइम) अडवतात, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतात. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीच्या औषधांबद्दल जॉन व्हेन यांनी हे १९७१ मध्ये दाखवलं, त्यावर १९८२ चं नोबेल मिळालं. इजेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन रक्तवाहिन्या रुंद करतात आणि वेदनेच्या चेतातंतूंना हळवं करतात. ती घटली की दुखणं, लाली, गरमपणा उतरतो. पण मूत्रपिंडात हीच प्रोस्टाग्लँडिन रक्तपुरवठा सांभाळतात आणि मीठ बाहेर टाकायला मदत करतात. तिथेही ती घटली की मीठ आणि पाणी अंगात साठतं, रक्तदाब चढतो, घोटे सुजतात. हृदय आधीच थकलेलं असेल तर दम लागायला लागतो. म्हणजे ‘सूजरोधक’ गोळीने सूज वाढली! विद्यार्थ्याने दोन्ही पाय सुजलेल्या माणसाला "सूजरोधक घेताय ना?" असं विचारलं, तर दोष टिपणांचा.

इडिमासाठी ‘सूज’ राहू दे, रुग्णही तेच म्हणतो. फक्त तपासायचं कसं ते शब्दाशेजारी लिहा. नडगीवर किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला अंगठा काही सेकंद दाबून धरायचा, उचलल्यावर खड्डा राहतो का पाहायचं. साधारण २ मिमी खोल असेल तर १+, ४ मिमीला २+, ६ ला ३+, ८ ला ४+. दोन्ही पायांवर खड्डा पडत असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, आणि औषधांची यादी. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात हे पुष्कळदा लक्षातच येत नाही. एकच पोटरी सुजली असेल तर टेप काढा: नडगीच्या वरच्या उंचवट्याखाली १० सेंमीवर घेर मोजायचा. दुसऱ्या पायापेक्षा ३ सेंमीहून जास्त फरक आला तर शिरेत गुठळीची शंका घ्यायची, मालीश आणि व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे पाठवायचं.

जुनी वही
इन्फ्लमेशनला शोथ. प्रश्न नवा नाही आणि उत्तरही तयार आहे. मराठी विश्वकोशात ‘शोथ’ आहे, ‘संधिशोथ’ आहे. समास सहज होतात: वृक्कशोथ (मूत्रपिंडाचा), आंत्रपुच्छशोथ (अपेंडिक्सचा). ‘प्रदाह’ हिंदी-बंगालीकडून आलाय, मराठी कानाला तो परका लागतो.

मात्रा
विश्वकोशातला ‘शोथ’ बहुतेक ठिकाणी ‘दाहयुक्त सूज’ असा कंस घेऊनच येतो हेही सांगा. कंसाशिवाय ज्याचं पान हलत नाही तो शब्द पारिभाषिक म्हणून कितीसा कामाचा? शिवाय शोथ, शोफ आणि श्वयथु तिन्ही एकाच ‘श्वि’ धातूचे, अर्थ फुगणं. जुन्या ग्रंथांत शोथ आणि शोफ एकमेकांच्या जागी येतात. आता शोथ म्हणजे इन्फ्लमेशन आणि शोफ म्हणजे इडिमा अशी वाटणी करायची, आणि एका अक्षराच्या फरकावर विद्यार्थ्याने औषध ठरवायचं? परीक्षेत ‘थ’ चा ‘फ’ झाला की निदान बदललं.

जुनी वही
व्युत्पत्ती एक असली म्हणून पारिभाषिक अर्थ वेगळे करता येत नाहीत असं नाही. परिभाषा असतेच त्यासाठी. आणि सुश्रुताचा व्रणशोफ (पिकत जाणारी सूज) बघा. आम, पच्यमान, पक्व अशा अवस्था सांगितल्या आहेत. कच्च्या अवस्थेत उष्णता आणि वेदना बेताची, पिकताना दोन्ही वाढतात, पिकल्यावर वेदना उतरते. म्हणजे शब्दाचा धात्वर्थ फुगणं असला तरी त्याने अख्खी प्रक्रिया पेलली आहे. दाहाला तेवढा आवाका नाही.

ओवी
धात्वर्थाचंच म्हणाल तर इन्फ्लमेशनही मूळ लॅटिनमध्ये ‘पेटणं’च आहे. पहिल्या शतकातल्या सेल्ससने चार खुणा दिल्या: लाली, सूज, उष्णता, वेदना. काम बंद पडणं ही पाचवी नंतर जोडली गेली. युरोपीय भाषांनी उष्णतेवरून सगळ्याचं नाव ठेवलं, संस्कृतने फुगण्यावरून. दाह घेतला तर उष्णतेचा धागा मिळतो, आणि पाठ्यपुस्तकांत ‘श्वासनलिकादाह’, ‘आंत्रपुच्छदाह’ रुळलेले आहेत. ‘दाहशामक’ म्हटलं की औषधाचं कामही बरोबर कळतं. माझं मत दाहाला.

मात्रा
‘दाह’ ला मोठी अडचण आहे. मराठीत दाह हा होणाऱ्या माणसाला जाणवतो. पोटात दाह, डोळ्यांचा दाह, तळपायांचा दाह. मधुमेहात चेतातंतू बिघडले की तळपायांची आग होते. हात लावला तर पाय गार, लाली नाही, सूज नाही. विद्यार्थ्याने टिपणात ‘तळपायांचा दाह’ वाचलं आणि दाहशामक आठवलं तर पुन्हा तीच फसगत, कारण या आगीवर डायक्लोफेनॅकचा उपयोग नाही. तिथे प्रिगॅबालिन, ड्युलोक्झेटिनसारखी औषधं देतात. प्रिगॅबालिनने घोट्यांवर सूज येते आणि गरगरतं, म्हणून तोल साधण्याचे व्यायाम घेताना माणसाचा हात आधाराच्या आवाक्यात हवा.

पॅरासिटॅमॉलचाही प्रश्न येतोच. ते ताप आणि दुखणं उतरवतं, इजेच्या जागचं इन्फ्लमेशन जवळजवळ नाही. त्याला डायक्लोफेनॅकच्या रांगेत ‘वेदनाशामक’ म्हणून बसवलं की हा फरक पुसला जातो. म्हणून इन्फ्लमेशन ठेवा. विद्यार्थी प्रिस्क्रिप्शन त्याच शब्दांत वाचणार आहे.

सांधा
इथे सगळे इन्फ्लमेशनचं मराठी शोधताहेत, पण जिथे इन्फ्लमेशन नाहीच तिथेही दाह-शोथ चिकटवला जातोय त्याचं काय? टाचेवरच्या कंडरेचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरीचं) जुनं दुखणं घ्या. सगळीकडे ‘कंडरादाह’. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दाहाच्या पेशी फारशा सापडत नाहीत. कोलॅजनचे तंतू विस्कटलेले, पेशी आकाराने बदललेल्या, नको तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या. इंग्रजीतही यासाठी आता ‘टेन्डिनोपॅथी’ म्हणतात. मराठीत आपण जुना गैरसमज नव्याने कोरून ठेवतोय.

याचा उपचारावर थेट परिणाम होतो. ‘दाह’ म्हटलं की विश्रांती आणि गोळ्या सुचतात. या दुखण्याला भार लागतो. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची, वर येताना दुसऱ्या पायाचा जोर घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ फेरे, गुडघा किंचित वाकवून १५ चे ३ फेरे, हे सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. दिवसाला १८० वेळा. सहन होण्याइतपत दुखलं तरी चालतं, पण दुखण्यामुळे चालच बिघडत असेल तर भार कमी करायचा. दुखतो तो नेमका कंडरेचा टाचेच्या हाडाला जोडलेला भाग असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली न्यायची नाही, तिथे कंडरा हाडावर दाबली जाते.

आणि ‘दाह आहे’ म्हणून कंडरेत स्टेरॉइडची सुई द्यायला सुचवणं आणखी घातक. कंडरा कमकुवत होते, तुटू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकंही कंडरेला इजा करतात, वयस्कर माणसात आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर जास्तच. टाचेमागे अचानक दुखू लागलं तर आधी औषधांची यादी बघायची, १८० चा हिशेब नंतर.

‘कंडराविकार’ लिहा.

ओवी
कंडराविकार मान्य. पण मग ऑस्टिओआर्थ्रायटिसला (सांध्याची झीज) ‘अस्थिसंधिदाह’ लिहायचं की नाही? आणि बोलताना सगळ्यालाच ‘संधिवात’ म्हणतात. ऱ्हुमॅटॉइडला (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार) ‘आमवात’ म्हटल्याने थोडी सोय होते.

कंडरा
निदान लक्षणांतून वेगळं करा. सकाळी उठल्यावरचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो, कामाने दुखणं वाढतं: ऑस्टिओआर्थ्रायटिस. तासभर किंवा जास्त टिकतो, हालचालीने मोकळं वाटतं, दोन्ही हातांची बोटं धरलेली: ऱ्हुमॅटॉइड. शब्द काहीही ठेवा, हे शेजारी हवं.

जुनी वही
‘दाहाच्या पेशी’ वरून आठवलं. टिपणांचा काही भाग हिंदीतून येत असेल तर सावध. हिंदीत पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि आपल्या पेशीला हिंदीत कोशिका. बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्ह. मूळ संस्कृतात स्नायू हा बांधणारा चिवट तंतू, अस्थिबंधाच्या जवळचा. ‘पेशीक्षय’ दिसलं तर तो मसल अ‍ॅट्रफीचा असू शकतो, पेशी मेल्याचा नव्हे. स्टेरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्यांत मांड्या-खांद्यांचे स्नायू रोडावतात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. तिथे ‘पेशी मृत होतात’ असं भाषांतर झालं तर विद्यार्थी व्यायाम द्यायलाच घाबरेल.

तळटीप
हे कामाचं आहे, दोन ठिकाणी ‘पेशीक्षय’ तसाच राहिलाय. मूळ प्रश्नावर मात्र अजून तीन मतं तीन दिशांना आहेत. आणि एक नवी ठेच: "पट्टीवर शेक देऊ नये." परीक्षकांनी विचारलंय, कुठली पट्टी? आणि ‘बर्फाचा शेक’ चालेल का?

ओवी
‘बर्फाचा शेक’ चूक. शेकणं म्हणजे ऊब देणं. भाकरी शेकतात, हात शेकतात. ‘बर्फ लावणे’ म्हणा.

जुनी वही
शेक हा संस्कृत ‘सेक’ वरून आला असं मानलं तर सेक म्हणजे ओतणं, शिंपडणं. त्यात ऊन-गार काहीच नाही.

ओवी
संस्कृतात नसेल, मराठीत आहे. नुकत्याच मुरगळलेल्या घोट्याला "शेक घ्या" सांगितलं तर माणूस गरम पाण्याची पिशवीच घेणार, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ती नको असते. ‘बर्फ, पातळ ओल्या कापडातून, १० ते १५ मिनिटं’ असं पूर्ण लिहा. ज्याला त्या जागी गार-गरम कळत नाही त्याला देऊ नका.

मात्रा
पट्टीचा प्रश्न जास्त गंभीर आहे. इथे पट्टी म्हणजे बँडेज नाही, त्वचेतून औषध सोडणारा पॅच. फेन्टानिल या अफूच्या जातीच्या जोरदार वेदनाशामकाच्या पॅचवर किंवा त्याच्या आसपास गरम पॅक ठेवला की त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, औषध ठरल्यापेक्षा वेगाने आत जातं. माणूस पेंगुळतो, श्वास मंदावतो, जीव जाऊ शकतो. पाठीला शेक द्यायच्या आधी पाठ, खांदे, दंड उघडे करून पाहिल्याशिवाय पॅक ठेवायचाच नाही. इन्सुलिनचंही तसंच: मांडीत टोचलं आणि लगेच त्याच मांडीला शेक किंवा सायकल दिली तर ते लवकर शोषलं जातं आणि साखर घसरते.

जुनी वही
‘औषधी लेपपट्टी’ लिहावं.

सांधा
लेप म्हटलं की मलम फासलेलं वाटतं. रुग्णाला "अंगावर औषधाचा पॅच लावलाय का?" असं विचारलं तरच खरं उत्तर मिळेल.

मात्रा
पॅच काढला की धोका संपला, असंही लिहू नका. त्वचेत साठलेलं फेन्टानिल रक्तात उतरत राहतं. रक्तातली पातळी निम्म्यावर यायलाच १७ तास किंवा त्याहून जास्त लागतात. इथे ‘अर्धायू’ हा शब्द येतो आणि तोही घोळ घालतो. अर्धायू ६ तास म्हणजे १२ तासांत औषध संपलं, असा अर्थ घेतला जातो. १२ तासांनी पाव उरतं, १८ तासांनी अष्टमांश, पाचव्या अर्धायूनंतर सुमारे ३ टक्के.

ओवी
मग ‘अर्धायू’ ऐवजी ‘निम्मेकाळ’ का नको? पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं, असं त्यातूनच कळतं.

जुनी वही
भौतिकशास्त्रात ‘अर्धायुकाल’ रुळलाय. एकाच संकल्पनेला दोन विषयांत दोन शब्द नकोत.

तळटीप
निम्मेकाळ नोंदवून ठेवतो. आज हातावेगळं करायचं वाक्य डायक्लोफेनॅकचं आहे. ‘दाहशामक’, ‘शोथशामक’ की ‘इन्फ्लमेशन कमी करणारी’?