पायलट प्रोजेक्टचे कायदे: प्रयोग की टाइमपास?

वीजवेडा:
अमेरिकेतल्या राज्यांचे ऊर्जा पायलटचे, म्हणजे आधी थोडक्यात करून बघायच्या योजनांचे, कायदे वाचतोय आणि डोकं फिरतंय. मेरीलँडचंच घ्या, ज्यांना स्वतःचं छप्पर नाही, भाड्याने राहतात वगैरे, त्यांनी दुसरीकडच्या सोलर प्लांटमध्ये वाटा घ्यायचा आणि बिलात क्रेडिट मिळवायचं, असा २०१५ चा कायदा, पायलट म्हणे तीन वर्षांचा. कायम कधी झाला? २०२३ ला! मधे नुसती मुदतवाढ. कायद्यातच लिहा ना, अमुक तारखेला अमुक आकडे आले तर योजना आपोआप कायम, नाहीतर गुंडाळा.

ठिणगी:
आपोआप? नको रे बाबा. २०२३ च्या कायद्यात प्रत्येक प्रोजेक्टची निदान ४०% वीज कमी-मध्यम उत्पन्नाच्या घरांना द्यायची सक्ती आली. आधीच आपोआप कायम झालं असतं तर ही अट मागाहून घुसवताना केवढी भांडणं झाली असती.

मीटरवाला:
मुदतीवर काय भांडताय, पैसे कुणाचे ते बोला. युटिलिटी, म्हणजे वीज-गॅस पुरवणारी कंपनी, जे भांडवल गाडते त्यावर तिला परतावा मिळतो, तोही आपल्याच बिलातून. लोकांना पीकच्या वेळी, म्हणजे विजेची मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा, एसी कमी करायला पैसे देणं स्वस्त पडतं पण त्यात गाडायला काही नाही, म्हणजे कमाई नाही. मग ती पायलट कशाचे सुचवेल? पाइपांचेच!

ठिणगी:
पाइपांना नावं ठेवू नका हां. मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रॅमिंगहॅमला २०२४ पासून साधारण ३६ इमारती जमिनीतल्या उष्णतेवर चालतायत, बोअर मारून पाइपांतून पाणी फिरवायचं आणि घरोघरी हीट पंप, तो ती उष्णता घरात घेतो नाहीतर बाहेर टाकतो. आणि ते केलंय गॅस पुरवणाऱ्या कंपनीनेच. पायलट नसता तर कशाला हात लावला असता तिने?

वीजवेडा:
आणि त्याच राज्यात लोवेलचा असाच जमिनीतल्या उष्णतेचा पायलट खर्च फार व्हायला लागला म्हणून २०२५ ला सोडून दिला. मला तर ते आवडलं. चुकतंय म्हटल्यावर थांबले.

मीटरवाला:
थांबले, पण तोवरचा खर्च कुणाच्या माथी? हे कायद्यात पहिल्या पानावर पाहिजे.

आळशी इलेक्ट्रॉन:
व्हरमाँट विसरलात सगळे. तिथे ग्रीन माउंटन पॉवरने २०१७ ला घरगुती बॅटऱ्यांचा पायलट काढला, ग्राहकाने महिना १५ डॉलर भरायचे, लाइट गेली की घर चालणार आणि पीकला कंपनी त्यातून वीज ओढणार. २०२० ला रेग्युलेटरने, म्हणजे राज्याच्या वीज नियामक आयोगाने, रेग्युलर योजना करून टाकली. राज्य चिमुकलं आहे ते मान्य, पण तीन वर्षांत होतं म्हणजे होतं.

ठिणगी:
बॅटरीचं सोपं आहे हो, पीकला महाग वीज घ्यावी लागली नाही की बचत लगेच कागदावर. पाइप जमिनीत कित्येक दशकं राहणार, त्याचं तीन वर्षांत काय मोजणार? एक-दोन हिवाळे मवाळ गेले की आकडे सगळे छानच दिसतात.

वीजवेडा:
ओके, हा पॉइंट घेतला. मग तारीख नको, हिवाळे मोजा. पण पाच म्हटले की पाचच, सहाव्याला कमिटी नको.