स्विंगवेट काट्याचा टेकू कसा करावा?

भोसरीत माझं लहानसं लेथचं वर्कशॉप आहे. ओळखीचे कॅडी गोल्फ क्लब आणतात, त्यांच्या ग्रिप नि शाफ्ट बदलून देतो. आता स्विंगवेट (स्विंग करताना क्लबचं हेड, म्हणजे डोकं, किती जड लागतं ते) मोजायचा काटा स्वतःच बनवतोय: अ‍ॅल्युमिनियमचा चॅनेल, ग्रिपच्या टोकाला अडसर, तिथून 14 इंचांवर टेकू. टेकूला सीलबंद बेअरिंग लावलंय. तोच क्लब उचलून परत ठेवला की आकडा बदलतो. पोरं विश्वासाने क्लब देतात, चुकीचा आकडा सांगायचा नाही. काय करू?

उत्तर १
दादा, बेअरिंग काढाच. सील नि ग्रीसचं घर्षण नडतंय. हेडमध्ये साधारण 2 ग्रॅम वाढले की स्विंगवेट एक पॉइंट सरकतो, इतका नाजूक मामला आहे. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल बिटला, म्हणजे लेथच्या कापायच्या हत्याराला, ग्राइंडरवर धार काढा, ती कडक स्टीलच्या व्ही खाचेत टेकवा. धार चॅनेलला बरोबर काटकोनात हवी.

उत्तर २
पडताळणीही ठेवा. क्लबचं वजन ग्रॅममध्ये घ्या, मग धारेवर तोलून ग्रिपच्या टोकापासून समतोलबिंदू किती इंचांवर येतो ते मोजा. त्यातून 14 वजा करून वजनाने गुणा. या गुणाकारात सुमारे 50 चा फरक म्हणजे एक पॉइंट. 320 ग्रॅमच्या ड्रायव्हर क्लबला मोजमाप 1/16 इंच चुकलं तरी फरक 20 चाच.

प्रश्नकर्ता
गुणाकाराचं फारच कामाचं, मनापासून आभार! टूल बिट पडून आहे, आजच धार काढतो. पुढे क्लबची लांबी मोजायची पट्टी करायचीय. सोल (हेडचा तळ) टेकवायला 60 अंशांचा उतार मिलिंगवर काढू की साइन बार (अचूक कोन लावायचं साधन) लावून ग्राइंड करू?