ओसीटीत (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचा स्कॅन) जीसीआयपीएल (पडद्यातल्या गँग्लियन चेतापेशींचा थर) पातळ आलं, तर रिपोर्टमध्ये अल्झायमरचा उल्लेख करावा का?

थर_मोजणी: वय ६८, विसराळूपणाची तक्रार. डोळ्याचं प्रेशर नॉर्मल, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ६.५. आरएनएफएलची (चेतातंतूंचा थर) सरासरी उजवीकडे ७८, डावीकडे ८१ मायक्रॉन. जीसीआयपीएल ७० आणि ७२. सिग्नल (स्कॅनचा दर्जा) १० पैकी ५. नकाशावर लाल-पिवळं (नॉर्मलपेक्षा पातळ) बरंच आहे. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवताना 'अल्झायमरशी सुसंगत' असं लिहिलं तर चालेल का?

बीस्कॅन: नको. आधी हा स्कॅनच बाद करा. सिग्नल ५ म्हणजे थरांच्या कडा पुसट, आणि मशीन रेघ कुठेही ओढतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं: कोरडा डोळा, बारीक बाहुली किंवा मोतीबिंदू. कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाका, दोन-चार वेळा डोळे मिचकवायला सांगा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा घ्या. तरीही सिग्नल कमीच राहिला तर बाहुली मोठी करून घ्या.

मग रंग बाजूला ठेवून मूळ बी-स्कॅन (थरांचा आडवा छेद) उघडा. रेघ मध्येच खाली कोसळलीय का, वर एपिरेटिनल पडदा (डोळ्याच्या पडद्यावरचा पातळ पापुद्रा) आहे का, मोजणीचं वर्तुळ डिस्कच्या (ऑप्टिक नर्व्ह डोळ्यातून बाहेर पडते ती जागा) मधोमध बसलंय का, हे बघा. वर्तुळ एका बाजूला सरकलं की डिस्कच्या जवळ आलेल्या बाजूला थर जाड दिसतो आणि समोरच्या बाजूला पातळ.

दुसरी गोष्ट, उणे ६.५. लांब डोळ्यात तेच वर्तुळ डोळ्याच्या पडद्यावर डिस्कपासून जास्त दूर पडतं आणि तिथे तंतूंचा थर मुळातच पातळ असतो. शिवाय मायोपियात (उणे नंबर) तंतूंचे वरचे-खालचे जाड गठ्ठे कानाच्या बाजूला सरकतात. आलेखात दोन्ही उंचवटे शाबूत पण सरकलेले दिसले, तर तो लाल रंग बहुधा आजाराचा नाही. मशीनच्या नॉर्मल डेटाबेसमध्ये एवढ्या नंबरचे डोळे मोजकेच असतात, कधीकधी नसतातच.

दृष्टिपटल: त्यात एक भर. स्कॅन निर्दोष आला तरी पातळ थर एवढंच सांगतो की गँग्लियन पेशी किंवा त्यांचे तंतू कमी झालेत. का कमी झाले, ते नाही. प्रेशर नॉर्मल आहे म्हणून काचबिंदू सुटला असं समजू नका, नॉर्मल टेन्शन प्रकार असतोच. जीसीआयपीएलच्या नकाशात वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागात तफावत असेल, मधल्या आडव्या रेषेवर कानाच्या बाजूला पायरी पडलेली दिसत असेल, तर आधी काचबिंदूचा विचार करा. सोबत फील्ड टेस्ट (नजरेच्या क्षेत्राची तपासणी) हवीच.

अल्झायमरच्या अभ्यासांत रुग्णगट आणि निरोगी गट यांच्या सरासरीत फरक आढळतो, पण तो थोड्याच मायक्रॉनचा. एकाच डोळ्याचा आरएनएफएल लागोपाठ दोनदा मोजला तरी चार-पाच मायक्रॉन इकडेतिकडे होतात. गटांत दिसणारा फरक समोरच्या एका माणसात वाचता येत नाही तो यामुळेच. ओसीटी-अँजिओग्राफीचीही (रक्तवाहिन्या दाखवणारा ओसीटी) तीच गत: फोव्हियाचा (पडद्याचा मध्यबिंदू) रक्तवाहिनीरहित भाग निरोगी लोकांतच इतका लहानमोठा असतो की निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

थर_मोजणी: मग न्यूरॉलॉजीत ओसीटी नक्की कुठे उपयोगी पडतं?

बीस्कॅन: मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये. त्याच्या निदानासाठीच्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या आवृत्तीत, आजाराच्या खुणा शोधायच्या जागांमध्ये ऑप्टिक नर्व्हला पाचवी जागा मिळाली आहे. दोन डोळ्यांत आरएनएफएलचा सुमारे ६ किंवा जीसीआयपीएलचा सुमारे ४ मायक्रॉनचा फरक एका बाजूच्या जुन्या न्यूरायटिसकडे (ऑप्टिक नर्व्हचा दाह) बोट दाखवतो. तिथे तुलना त्याच माणसाच्या दुसऱ्या डोळ्याशी असते, म्हणून ती टिकते. अर्थात दोन्ही डोळ्यांचा नंबर जवळपास सारखा हवा. मात्र ताज्या न्यूरायटिसमध्ये सुजेमुळे आरएनएफएल उलट जाड दिसतो. तेव्हा जीसीआयपीएलवर भरवसा ठेवा, आरएनएफएलचं खरं नुकसान तीन ते सहा महिन्यांनी कळतं.

पार्किन्सनचं सांगायचं तर, २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींवरून जीसीआयपीएल आणि आतला न्यूक्लिअर थर (त्याच्या पलीकडचा पेशींचा थर) निदानाच्या आधीच पातळ असल्याचं दाखवलं गेलं. संशोधन म्हणून महत्त्वाचं, पण रिपोर्टमध्ये लिहिण्याजोगं अजून नाही.

दृष्टिपटल: चिठ्ठीत एवढंच लिहा: मशीनचं नाव, स्कॅनचा प्रकार, सिग्नल, अक्षीय लांबी (डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी), दोन्ही डोळ्यांचे आकडे, आणि 'अतिमायोपियामुळे डेटाबेसशी तुलना मर्यादित'. वर्षभराने त्याच मशीनवर फॉलो-अप मोड (आधीच्याच जागी स्कॅन घेणारी सोय) लावून पुन्हा घ्या. मशीन बदललंत तर दोन्हींचे आकडे शेजारी ठेवू नका, थरांच्या सीमा प्रत्येक कंपनी आपापल्या परीने आखते. स्मृतीची तपासणी मात्र या स्कॅनसाठी थांबवू नका, ती आताच व्हायला हवी.