जोडीदाराला विचारून खर्च करता का? तुमचे अनुभव

एकाचा हात सैल, दुसऱ्याचा आखडता. अशी जोडपी इतकी दिसतात की हा निव्वळ योगायोग वाटत नाही. स्कॉट रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तेच दिसलं. स्वतःच्या खर्चाच्या सवयीवर जी माणसं नाराज असतात, ती उलट सवयीच्या माणसाकडे ओढली जातात. आणि लग्नानंतर भांडतात तीही याच फरकावरून.

तुमच्या घरात काय चित्र आहे? पगार, कर्ज, शिल्लक यांचे आकडे नकोत. खर्चाआधी कोण कोणाला विचारतं आणि कोणाला विचारावं लागत नाही, एवढं सांगितलंत तरी बाकीचं कळेल.

* * *

माझा नवरा एक्सेलवाला. महिनाअखेरीला शीट उघडायची, एकेक ओळ वाचायची आणि मध्येच थांबून विचारायचं, "हे लागणारच होतं का?" आवाज कधी चढला नाही, हेच जास्त लागायचं. मी कमावती, तरी पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर मागवायला लागले. खोका तिथेच टाकायचा, कपड्याचा टॅग कापून पर्सच्या आतल्या कप्प्यात कोंबायचा आणि घरी म्हणायचं, "अरे, जुनाच आहे, तुझं लक्ष नसतं." एकदा पेन शोधताना त्याच्या हाताला ते टॅग लागले. भांडण कपड्यांवरून झालंच नाही. "माझ्यापासून लपवावंसं वाटलं?" यावरून झालं.

मग ठरलं. घरखर्च, हप्ते, बचत बाजूला पडली की उरलेल्यातून दोघांना सारखी रक्कम, आपापल्या खात्यात. तिचा जाब नाही, शीटमध्ये ओळ नाही. माझे पैसे महिना संपायच्या आत संपतात. त्याने मात्र साठवून साठवून आकाश बघायची दुर्बीण घेतली. किंमत ऐकली आणि माझ्या तोंडून निघालंच, "हे लागणारच होतं का?"

* * *

मी दुसऱ्या पार्टीतला, म्हणजे चिक्कू. लोक काटकसरी आणि चिक्कू यांत गल्लत करतात. काटकसरी माणसाला वाचवण्यात आनंद असतो. चिक्कूला खर्च करताना टोचतं, परवडत असलं तरी टोचतं. वडिलांचा धंदा बुडाला तेव्हा वसुलीला येणारी माणसं मी दाराआडून पाहिली आहेत, त्याचाही भाग असेल.

फिरायला गेलो की प्रत्येक बिलावर माझा चेहरा पडणार आणि बायकोच्या सहलीचा विचका होणार, हे ठरलेलं. तोडगा तिनेच काढला. राहणं, प्रवास, तिकिटं, जे जे शक्य ते सगळं निघण्याच्या कितीतरी आधी भरून टाकायचं. सामान बांधेपर्यंत माझं दुखणं ओसरलेलं असतं. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये हेच मांडलंय, की पैसे आधीच देऊन झालेली गोष्ट उपभोगताना जवळजवळ फुकट वाटते. बायकोने तो पेपर वाचलेला नाही. तिने नवरा वाचलाय.

* * *

आमच्यात पैशावरून भांडणं नाहीत. दोघंही उधळे. शिल्लकही नाही.

* * *

वरच्यांना : तुम्ही तर अगदी नमुनाच निघालात! सुरुवातीला सांगितलेल्या २०११ च्या अभ्यासातच हेही आहे. उधळ्याने चिक्कूशी लग्न केलं तर कर्ज कमी राहतं, पण कुरबुरी वाढतात. दोन उधळे एकत्र आले की याच्या उलट.

* * *

ह्यांनी क्रेडिट कार्डाची थकबाकी माझ्यापासून लपवली होती. कशावर खर्च केला ते सोडा, घरासाठीच केलेला होता. पण दरमहा 'किमान रक्कम' भरून गाडी रेटत होते. महिन्याला ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. काहीच भरलं नाही तर चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं आणि दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते. किमान रकमेतलं बरंचसं व्याजातच जातं, मुद्दल जागच्या जागी. मी माझी एक ठेव मोडून सगळं एकदम फेडलं. ठेवीवरचं व्याज त्या दरापुढे काहीच नव्हतं, त्यामुळे हा निर्णय सोपा होता. विश्वासाचं काय, ते आकडेमोडीत बसत नाही.

* * *

जॉइंट खात्याचे गोडवे गाणाऱ्यांसाठी. २०२३ मध्ये जेनी ऑल्सन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवविवाहित आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून काहींना पैसे एकत्र करायला सांगितलं, काहींना वेगळे ठेवायला. दोन वर्षं पाठपुरावा केला आणि एकत्र करणाऱ्यांच्या नात्यातली गोडी जास्त टिकून राहिलेली दिसली. असेल. दोघंही धड असतील तर.

माझंही खातं जॉइंट होतं. कागदावर माझं नाव पहिलं, माझाच पगार त्यात जमा व्हायचा. डेबिट कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. सॅनिटरी पॅड घ्यायला पैसे मागितले तर "मागच्याच आठवड्यात दिले होते ना?" याला कोणी खर्चाच्या सवयीतला फरक म्हणत असेल तर म्हणो. बाहेर पडताना पहिलं काम केलं ते स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडून पगार तिकडे वळवायचं. मुलींना सांगते, एकत्र खातं जरूर काढा, पण हे आधी.

* * *

आम्ही सुरुवातीला निम्मं-निम्मं करायचो. बायकोचा पगार माझ्या निम्मा. म्हणजे खर्च सारखा उचलायचा आणि महिनाअखेर माझ्याकडे शिल्लक, तिच्याकडे खडखडाट. आता ज्याच्या त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात, मी दोन वाटे, ती एक. मधे माझी नोकरी गेली तेव्हा वाटे उलटे झाले, फारशी चर्चासुद्धा करावी लागली नाही.

विचारण्याचं म्हणाल तर एका मर्यादेपर्यंत विचारायचं नाही, तिच्या वर विचारायचंच. मर्यादा आकड्यात ठेवू नका, महागाईने लवकर जुनी होते. दोघांच्या मिळून उत्पन्नाचे अमुक टक्के असं ठेवा. घोडं एकाच ठिकाणी अडलंय, एकमेकांना द्यायच्या भेटवस्तूंपाशी. विचारून घेतली तर ती भेट कसली, आणि न विचारता घेतली तर नियम मोडला. कोणाकडे यावर उपाय असेल तर लिहा.